कालव्याकाठचा उजेड

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे घडीताई म्हणत. कसलीही चुरगळलेली चादर तिच्या हाताखालून गेली की शहाण्या पोरासारखी गप्प पडून राही. संध्याकाळची पाळी तिने मागून घेतली होती. दिवसभर अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं तिच्याकडे. नवरा कामावरून आला की ती सायकलवर टांग मारून निघे. सकाळची पाळी घ्यायची म्हणजे नोकरीवर पाणीच सोडायचं.

परतीचा रस्ता कालव्याकाठचा, काळाकुट्ट. तिथे ती सायकलचा दिवा चक्क बंद करी. खड्डे तोंडपाठ होते, आणि आपण कुणाला दिसत नाही याचाच आधार वाटे.

मग एकदा रस्तेखात्यातल्या इंजिनीअरबाई धुलाईघरात आल्या. "रात्री सायकलवर जाताना भीती कुठे वाटते?"

एरवी एकीला दुसरीचं ऐकू येऊ न देणाऱ्या बायका एकदम चादरी मोजायला लागल्या. घडीताईच बोलून गेली, "कालव्यावर उजेड नाही, बाई."

आणि काय नवल, दिवे खरंच लागले! लख्ख, दिवसासारखे.

पण त्या उजेडात कालव्याच्या कट्ट्यावर पुरुषांची बैठक जमली. घडीताई दिसताच गप्पा थांबल्या. एकाने विचारलं, "काय ताई, रोज एकट्याच?"

काळजी होती की खोडी? ती घरी येईपर्यंत तो आवाज मनात उलटापालटा करत राहिली.

"आधी अंधाराच्या नावाने बोंब, आता उजेडाच्या!" तिने सांगितल्यावर नवरा वैतागला. "नक्की हवंय काय तुला?"

"तेच तर कळत नाहीये!"

"मग सोड ती नोकरी."

तिला रात्रभर झोप लागली नाही. आपल्याच हाताने आपण पायावर धोंडा पाडून घेतला की काय?

दुसऱ्या दिवशी चादरीचं दुसरं टोक धरणारी तिची जोडीदारीण, उंचीमुळे सगळे जिला शिडी म्हणत, ती म्हणाली, "रडतेस काय? मी येते बरोबर. थोडा वळसा पडेल, पडू दे."

दोघी शेजारीशेजारी निघाल्या. कट्टा जवळ आला तशी घडीताईने शिडीकडे पाहिलं. झालं! धुलाईघरात मोठी चादर ताणून धरली की अशीच नजरानजर व्हायची, आणि दोघींनी टोकं जुळवायला एकमेकींकडे यायचं. इतक्या वर्षांची सवय. शिडीने हँडल वळवलं, हिनेही वळवलं, आणि दोघी धाडकन रस्त्यावर!

"अगं भवाने, ही चादर आहे का?"

"तूच नाही का खुणावलंस?"

"मी घाबरले होते!"

कट्ट्यावरचे धावत आले. कुणी सायकली उभ्या केल्या, कुणी फिसकन हसलं. "लागलं का हो?" विचारणारा कालचाच. घडीताईने त्याचा चेहरा निरखून पाहिला. तरी काही उमगेना.

शिडीचा गुडघा सोलवटला होता. ती लंगडत गेली आणि सरळ कट्ट्यावर बसली. घडीताईही अंग चोरून टेकली. पुरुष पलीकडे सरकले. मग एक उठला, दुसरा उठला, बघता बघता कट्टा रिकामा झाला. मान राखला की नाक मुरडलं, देव जाणे.

"आता काय करायचं?" घडीताई कुजबुजली.

"काही नाही. बसायचं."

हातात काम नाही, कुणाची वाट बघायची नाही, रात्रीची वेळ, आणि आपण रस्त्याकडेला नुसत्या बसलोय. घडीताईला हात कुठे ठेवावेत तेच सुचेना. तिने उगाच पदराची घडी घातली, मोडली.

"अगं, घरी वाट बघत असतील."

"बघू देत की. गुडघा माझा ठणकतोय."

समोरून एक मुलगी सायकलवरून येत होती. कट्ट्यावर कोण आहे ते दुरूनच बघून तिने वेग कमी केला, दोघींकडे पाहून जरा हसली आणि आरामात पुढे गेली.

घडीताई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"उद्या येशील?" तिने विचारलं.

"येईन. पण तू पुढे आणि मी मागे. आणि खबरदार, माझ्याकडे बघितलंस तर!"