साहेबांनी राहू दिलेलं वाक्य

यवतमाळच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारे बाबू इंग्रजी मसुदे लिहीत. एखाद्या वाक्याची शंका आली, की जेवणाच्या सुट्टीत ते सायकलनं वाचनालयात जात आणि तिथली तीन जाड व्याकरणं ताडून पाहत. त्या पुस्तकांना ते पंच म्हणत. पंचांत मतभेद निघाला, की डबा तसाच राही; पण चेहरा खुललेला असे.

एकदा साहेबांनी त्यांचं एक वाक्य तांबड्या पेन्सिलीनं खोडलं.

"साहेब, दोन पंच आपल्या बाजूनं हायेत," बाबू म्हणाले.

"पंच घाला चुलीत! इंग्रजी मला शिकवता?"

बाबूंचा पडलेला चेहरा मला पाहवेना. "साहेब, ते वाक्य मी सांगितलं होतं," मी खोटंच बोलले.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. साहेब हसले. "अस्सं? मग राहू द्या."

बाबू रागावतील असं मला वाटलं. ते तर खूश होते. दुसऱ्या दिवशी सुट्टीत त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली.

"वाचनालयात नाही गेलात?"

"आता कायले जाऊ, बाई? तुमी हाय ना!"

त्यांनी दोन वाक्यं पुढे ठेवली. मला दोन्ही बरोबरच वाटत होती. तसं सांगायची शरम वाटून मी एकावर बोट ठेवलं. त्यांनी दुसरं लगेच खोडून टाकलं.