वाळवंटातलं शिळं पाणी

माझा थोरला भाऊ आणि वहिनी निवृत्तीनंतरचे हिवाळे ॲरिझोनाच्या वाळवंटात काढत. डिसेंबरात मिशिगनमध्ये बर्फ साचायला लागला की ते मोटरहोम घेऊन निघत आणि एप्रिलच्या मध्याला परत येत. मोटरहोम म्हणजे लहानशा बसएवढी गाडी. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी, सगळं. दादाची अठ्ठावीस फुटांची होती आणि तिच्यामागे एक छोटी मोटार बांधलेली असायची. पहिल्यांदा निघाले तेव्हा मिशिगनमधल्या ट्रॉय या आमच्या गावातल्या मराठी मंडळींनी भरपूर चेष्टा केली. चार बेडरूमचं घर सोडून गाडीत संसार कसला थाटताय म्हणून. वहिनी म्हणाली, "चार खोल्या झाडून कंटाळले. आता एकच झाडीन."

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दहा वर्षांच्या पोराला ती "अहो भाऊजी" म्हणायची आणि वर हसायची. मी तिला "तू"च म्हणायचो. पुढे मी अमेरिकेत आलो तोही दादामुळेच. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता, मी सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात. वस्तू मोजायची, कागदावरच्या मापाशी जुळते का बघायचं आणि जुळत नसेल तर तसं लिहायचं, हे माझं काम. चोवीस वर्षं तेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो.

2007 च्या फेब्रुवारीत पुतण्याचा पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेलव्ह्यूहून फोन आला. दादाचा हा एकुलता एक मुलगा, इथेच जन्मलेला.

"काका, आई सेम क्वेश्चन चार वेळा विचारते. मी बाबांना विचारलं तर म्हणतात, एव्हरीथिंग इज फाइन. यू गो अँड सी, प्लीज. यू विल टेल मी स्ट्रेट."

"आणि मी ठीक नाही म्हटलं तर?"

"देन आय विल ब्रिंग देम हिअर. त्याच आठवड्यात. त्या डेझर्टमध्ये हॉस्पिटल चाळीस मैलांवर आहे, काका."

त्याचं चूक नव्हतं. मी दहा दिवसांची रजा टाकली.

दादा मला विमानतळावर घ्यायला आला. गाडी सुरू करायच्या आधीच म्हणाला, "त्याने पाठवलंय ना तुला?"

"हो."

"बरं. बघ काय बघायचं ते."

त्यांचा मुक्काम सरकारच्या मोकळ्या जमिनीवर होता. नळ नाही, वीज नाही. छपरावर सौर पॅनेल होतं, त्यावर दिवे आणि पाण्याचा पंप चालायचा. दोनशे पावलांवर एक अमेरिकन बाई एकटीच आपल्या गाडीत राहायची, तेवढाच शेजार. बाकी खडी, काटेरी झुडपं आणि लांबवर तपकिरी डोंगर. फेब्रुवारी संपत आला होता आणि दुपारी सावलीतही नव्वद अंश फॅरनहाइट, म्हणजे बत्तीस सेल्सियस, होत होतं. त्या वर्षी ऊन लवकर तापलं असं दादा म्हणाला.

वहिनी दारातच उभी होती. "अहो भाऊजी, वाळलात किती! तिकडे स्वयंपाक बंद पडला की काय?" मी म्हटलं, चला, ठीक आहे. पण जेवताना तिने विमान वेळेवर आलं का हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा दादाने "हो, अगदी वेळेवर" असं, पहिल्यांदाच उत्तर देत असल्यासारखं सांगितलं.

अशा जागी सगळा व्यवहार पाण्याचा असतो. गाडीच्या पोटात पन्नास गॅलनची टाकी. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. पूर्वीच्या हिवाळ्यांत ती टाकी दोघांना आठ दिवस पुरते, असं दादाच मला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगायचा. ताटली आधी कागदाने पुसायची, मग कपभर पाण्यात धुवायची, ही सगळी शिस्त वहिनीने बसवलेली होती. नव्याने आलेल्या बायांना ती शिकवायचीसुद्धा. टाकी संपली की दादा नऊ मैलांवरच्या गावातून प्लास्टिकच्या निळ्या कॅनमधून पाणी आणायचा. एक कॅन सहा गॅलनचा, उचलायला पन्नास पौंड, म्हणजे तेवीस किलो. दादा सदुसष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या कमरेचं एक ऑपरेशन झालेलं होतं.

मी आल्यावर भरलेली टाकी चार दिवसांत संपली. तिसरं माणूस वाढलं हे धरूनही हिशेब लागेना. सांडपाणी दादा चाकांच्या पंधरा गॅलनच्या टाकीतून नेऊन टाकायचा. मी त्याच्याबरोबर गेलो आणि मोजलं. दोन खेपा भरून आणि तिसरी जेमतेम तळाला. म्हणजे पन्नास गेले, बत्तीस परत आले. घामाचे आणि वाफेचे तीन धरले तरी पंधरा गॅलन कुठे गेले?

मी विजेरी घेऊन गाडीखाली सरपटत गेलो. पाइप, सांधे, पंप, सगळं कोरडं.

"काय लोळतोयस खाली?" दादा वरून म्हणाला.

"कुठेतरी गळतंय. रोजचे चार गॅलन."

"गळत नाहीये काही. बाहेर ये, विंचू असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गळती सापडली. मी बाहेर खुर्चीत बसलो होतो. दार उघडून वहिनी पिण्याच्या पाण्याचं छोटं पिंप घेऊन पायऱ्या उतरली. गाडीमागे एक झुडूप होतं, त्याच्या मुळाशी तिने ते ओतलं. मग तांब्याचे दोन तांबे आणले, ते ओतले. मग फ्रिजमधल्या बाटल्या, मग गाळणीचा जग. आत जाऊन पिंप घासलं, विसळलं आणि पुन्हा काठोकाठ भरून ठेवलं. त्या झुडपाखाली बोटभर हिरवं गवत उगवलं होतं. मैलभर कुठे तसं नव्हतं.

रात्रीचं पाणी शिळं. ते सकाळी टाकायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. तिच्या माहेरी हे रोज व्हायचं, आमच्याकडेही व्हायचं. अमेरिकेत आल्यावरही नळाला पाणी आहे म्हणून तिने ते चालू ठेवलं होतं. वाळवंटात मात्र पहिल्या दिवसापासून सोडून दिलं होतं. आता वाळवंट विसरायला झालं होतं आणि माहेर राहिलं होतं.

मी दादाला बाजूला घेऊन सांगितलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "नाताळापासून चाललंय. पाणी आणतो ना मी? तुला प्यायला कमी पडलं का?"

"तुझी कंबर..."

"कंबर माझी आहे. तू तिला यातलं एक अक्षर बोलू नकोस." मग म्हणाला, "ट्रॉयच्या घरात ती जिना उतरून खाली आली की कशाला आली ते विसरते, मग रडते. इथे एकच खोली आहे. काय हवं ते समोर दिसतं. इथे ती हसते रे. त्याला सांगायचं ते सांग, पण एप्रिल उजाडू दे. एवढा एक हिवाळा पुरा करू दे आम्हाला."

पुतण्याला खोटं सांगणं मला जमणार नव्हतं. आणि त्या दोघांना तिथून उठवावं असंही वाटत नव्हतं. मग माझ्या डोक्यात आलं की पाण्याचं तेवढं सुटलं, तर दादाच्या खेपा वाचतील आणि "पूर्वीसारखं चाललंय" हे मला खरं खरं सांगता येईल. कामावर असताना मी असंच करायचो. माप जुळत नसेल तर अहवाल बदलायचा नाही, वस्तू दुरुस्त करायची.

दादा पाणी आणायला गावात गेला होता. मी वहिनीसमोर कागद ठेवला. अगदी हळू बोललो. ती दुखावेल असं काही बोललो नाही असं मला तेव्हा वाटलं.

"वहिनी, हे बघ. रोज चार गॅलन पाणी बाहेर जातं. हे तू सकाळी टाकतेस ते. त्यासाठी दादाला जास्तीचे कॅन उचलावे लागतात. एक पन्नास पौंडांचा. हे टाकलं नाहीस तर टाकी सहा दिवस तरी जाईल."

तिने कागद हातात घेतला. आकड्यांवरून बोट फिरवलं. "मी टाकते?"

"हो. शिळं म्हणून."

"इथे?" तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिचा चेहरा शाळेत उभं केलेल्या मुलीसारखा झाला. "अगं बाई. आणि हे वाहून आणतात?" मग कागदाची घडी घालून मला परत दिली. "सांगितलंत ते बरं केलंत, भाऊजी. नाही हात लावणार पाण्याला."

दुसऱ्या दिवशी पिंप बाहेर आलं नाही. पाण्याचा दिवसाचा खर्च साडेबारा गॅलनवरून आठवर आला. त्याच्या पुढच्या दिवशी सात. मग साडेसहा. मी ते लिहून ठेवत होतो आणि वहिनीशी बोललो हे दादालाही सांगितलं. त्याने कॅन उचलले आणि गाडीमागे नेऊन ठेवले. आठ हा तिघांचा योग्य आकडा होता. सात आणि साडेसहा का, हे मला विचारायला हवं होतं. कारखान्यात एखादं माप अपेक्षेपेक्षा चांगलं आलं तर आम्ही आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासतो. इथे मी फक्त खूश झालो.

चौथ्या दिवशी दुपारी तापमान चौऱ्याण्णव होतं. वहिनी ताडपत्रीच्या सावलीत खुर्चीत बसली होती. दादाने जेवायला हाक मारली, तिने मान वळवली नाही. ओठ पांढरे पडले होते, जीभ अडकत होती. मी धावत शेजारच्या बाईकडे गेलो, कारण आमच्या फोनला तिथे रेंज नव्हती. तिने फोन केला, ओला टॉवेल घेऊन आली, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाऊण तास वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

हॉस्पिटलात सलाइन लागलं. शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही बिघडलं होतं, आणि रक्तदाबाची गोळी चालू असल्याने जास्तच. तरुण डॉक्टरीणबाईंनी दादाला विचारलं, ह्या दिवसभरात किती पाणी पितात? दादाने माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू आम्हाला दोघांनाही आठवायला लागलं. चहा आमच्या दोघांना देऊन आपला कप ती पुन्हा भांड्यात ओतायची. जेवताना तिच्या ताटाजवळ भांडं नसायचं. गोळ्या ताकाच्या घोटाबरोबर घ्यायची. तिने पाण्याला हात लावला नव्हता.

"काल काय जेवली ते तिला आठवत नाही," दादा बाहेरच्या बाकावर बसून म्हणाला. "तू रागावलास ते बरोबर आठवलं."

"दादा, मी रागावलो नव्हतो. आकडे सांगितले फक्त."

"तिला आता आकडे कळत नाहीत. तोंड कळतं."

वहिनी सावध झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला साल विचारलं, आत्ता आपण कुठे आहोत ते विचारलं. तिने 1974 सांगितलं, आणि गाव म्हणून माहेरचं नाव. ते सगळं कागदावर आलं. पुतण्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला आणि त्याने तो कागद वाचला. मला अहवाल द्यावाच लागला नाही.

तिसऱ्या दिवशी तो आईबाबांना घेऊन बेलव्ह्यूला गेला. मोटरहोमचं मी बघायचं ठरलं. निघताना दादा स्वतःची एक पिशवी आणि तिच्या दोन साड्या घ्यायला आत आला. मी म्हटलं, "दादा, आज ना उद्या हे व्हायचंच होतं." बोलल्यावर लक्षात आलं की बोलायला नको होतं.

"व्हायचंच होतं," तो म्हणाला. "मी सहा आठवडे मागितले होते."

त्याने ते मोठ्याने म्हटलं नाही. पिशवीची चेन लावली आणि उतरला.

बेलव्ह्यूला पुतण्याच्या घराला तीन मजले आणि दोन जिने. सहा महिन्यांत वहिनी दोनदा पडली. मग तिला अशा आजारी माणसांच्या निवासात ठेवावं लागलं. दादा रोज सकाळी दहाला तिथे जायचा आणि चारला परत यायचा. तिथे नवरा-बायकोने एका खोलीत राहायची सोय नव्हती. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. आता रोजचे सहा तास.

2008 च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो. वहिनीने मला ओळखलं नाही, पण बसायला सांगितलं, आणि तुम्ही कोणाकडचे, असं अदबीने विचारलं. संध्याकाळी पुतण्याने मला मिठी मारली. दादा समोर सोफ्यावर पेपर घेऊन बसला होता.

"काका, थँक गॉड यू वेंट. तुम्ही तिथे नसता तर... आय डोंट वॉन्ट टू थिंक अबाउट इट. आई आपोआप पाणी प्यायची थांबली होती, आणि बाबा वुड हॅव बीन अलोन."

मी दादाकडे पाहिलं. त्याने पेपरचं पान उलटलं. माझ्या त्या कागदाबद्दल दीड वर्षात तो मुलाला एक शब्दही बोलला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. मी तोंड उघडलं. पुतण्या माझ्या उत्तराची वाट बघत होता. तो माझ्यावर विश्वास ठेवतो तो एवढ्याचसाठी, की मी जसं असेल तसं सांगतो.

"हो ना," मी म्हणालो.

दादा उठला आणि कॉफी टाकायला आत गेला.