वाडीच्या मीटिंगमधले कळमन्याचे काका

काका गेले, आणि त्यांच्या घरी मला त्यांची ठेवलेली बाई समजले.

आधी हसू आलं. मग हे लिहायला बसले.

फोटो टाकत नाही. नावही लिहीत नाही. आमच्या मीटिंगची रीतच आहे तशी. इथे कोण दिसलं, ते इथेच ठेवायचं.

दारू सोडणाऱ्यांची मीटिंग.

हो, मी पीत होते. ऑफिसमधले वाचत असतील तर वाचा. उद्याच्या चहाला विषय झाला.

मी राहते लकडगंजला. मीटिंग घराजवळही होती, पण मी शोधून शोधून पत्ता काढला तो पार शहराच्या दुसऱ्या टोकाचा, वाडीचा. ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे एका शाळेची खोली. म्हटलं, तिथे आपल्याला कोण ओळखणार!

गेले, आणि फाटकावरूनच परत आले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ट्रकवाले बघत राहायचे, ही बाई भर उन्हात कोणाची वाट बघते म्हणून.

मग एकदा आतून एक म्हातारा बाहेर आला. शर्टाला मिरचीचा असा ठसका की मला शिंकच आली.

"काहून चकरा मारून राहिली वं पोरी? नवरा पिते, का भाऊ पिते?"

"मीच."

वाटलं, आता उपदेश सुरू होणार.

"मंग उन्हात काहून उभी? आत पंखा आहे नं."

बस. एवढ्यावर मी आत गेले. अजून जाते.

काका कळमन्याला मिरचीच्या आडतीवर, वजनकाट्यावर होते. शहराच्या त्या टोकावरून या टोकाला यायचे, ऑटो बदलत. का? माझं होतं तेच कारण. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

घरी त्यांनी सांगून ठेवलं होतं की विहारात पाचवं शील, नशा न करण्याचं, नव्याने घेतलं आणि दारू एका झटक्यात सुटली. रविवारी मार्केटात माल उतरवायचा असतो म्हणून निघायचे.

मी म्हणायचे, काका, खरं सांगून टाका ना घरी.

"राहू दे वं. पोरासमोर बाप जरासा मोठा झाला तं तुले काय तरास?"



छातीत दुखायचं निमित्त झालं आणि काका गेले. काल त्यांच्या श्रद्धांजलीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. ग्रुपमधले म्हणाले, घरी जायचं नाही, त्यांना आवडलं नसतं. मला काही बसवेना. एकदा त्यांना बरं नव्हतं तेव्हा ऑटोने घरापर्यंत सोडलं होतं, त्यामुळे घर माहीत होतं. गेले.

वंदना सुरू होती. सगळे पंचशील म्हणत होते. दाराशी एक तरुण पोरगा ओठ घट्ट मिटून उभा होता. मी त्याच्या बाजूने आत शिरले आणि थबकलेच.

तो वास मला कोणी सांगावा लागत नाही.

शेजारच्या बाईला विचारलं. काकांचा धाकटा.

इतकी वर्षं मीटिंगमध्ये काका सगळं बोलले. याच्याबद्दल एक अक्षर नाही.

वंदना संपली आणि काकूंनी सगळ्यांदेखत मला विचारलं,

"तू त्यायची कोण वं? दर रविवारी तुयाकडंच येत होते काय?"



थाप तयार होती. मार्केटातली ओळख आहे म्हणायचं आणि निघायचं. काकांचा शब्द राहिला असता, माझीही अब्रू. पण तो पोरगा समोर उभा होता.

"काकू, मी दारू पीत होती. काकानं मले मीटिंगमधी आत नेलं. ते बी स्वतःसाठीच यायचे तिथं. शेवटपर्यंत यायचे. एकट्यानं जमत नव्हतं त्यायले."

काकू खालीच बसल्या. कोणीतरी पाणी पुढे केलं, ते त्यांनी बाजूला सारलं.

"अन् मी या पोराले रोज टोचून राहिली नं," त्या म्हणाल्या. "बापानं एका झटक्यात सोडली, तुलेच काहून जमत नाही म्हणून."

पोरगा बाहेर निघून गेला. पायात चप्पलही नाही.

कालपासून घरात येरझारा चालल्यात माझ्या. रीत मोडली. ग्रुपमधल्या एकाने माझं ऐकून न घेताच फोन ठेवला. त्याचंही चूक नाही. काकांची इज्जत मी घालवली की वाचवली, मला खरंच कळत नाही.

आणि राग येतोय. काका, तुमचाच राग येतोय. रस्त्यावरच्या पोरीला हाक मारलीत, आणि पोटच्या पोराला साधा पत्ता दिला नाहीत?

काकूंनी निघताना माझा नंबर घेतला होता. आज सकाळी त्यांचा फोन आला. "वाडीले नेमकं कुठं, ते सांग. मी सांगतो त्याले. आयकते का नाही, कोण जाणे."

भाऊ, ही पोस्ट तुझ्यापर्यंत पोचली तर एवढंच वाच.

तुझे बाबा एका झटक्यात सुटले नव्हते. दर रविवारी नव्याने सोडत होते.

तुला जमत नाही ना? त्यांनाही जमत नव्हतं. म्हणूनच तर येत होते.

काका, जड मनाने निरोप घेते.

पोरगा आला की कळवते.