मुरलीचे ठोके

या सदरातले अनुभव मी आजवर लिहिणाऱ्याची चूक शोधण्यासाठी वाचत आले. दार वाऱ्याने वाजलं असेल, झोप झाली नसेल… काहीतरी सापडायचंच. भूत-बाधा वगैरेंवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि हे भुताबद्दल नाहीही. यातली सगळी माणसं जिवंत आहेत.

मी चेन्नईत वाढले. शाळा इंग्लिश मीडियम, मराठी फक्त घरात. तरी मराठीत लिहितेय, कारण आमच्या बँडमधल्या कोणालाही हे वाचता येणार नाही.

हो, बँड. मेटल. मी बेस गिटार वाजवते — मागे उभं राहून, केस तोंडावर घेऊन, कोणाशी न बोलता. बँडचं नाव करुंगल, म्हणजे काळा दगड. गिटार आणि गाणं विकीचं, बँडही त्याचाच. ड्रम्सवर मुरली राव. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातला, चेन्नईच्या आवडी या उपनगरात आईबरोबर राहणारा, ओरगडमच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणारा. त्याला मराठी फक्त बोलता येते, वाचता नाही; ती ऐकून मला आधी हसू यायचं. पण माझ्याशी आपणहून बोलायचा तो एकटाच.

भांडण नेहमी एकच. मुरलीची शिफ्ट बदलली की प्रॅक्टिस बुडायची, कधी शोसुद्धा. विकी त्याला सगळ्यांदेखत ‘फॅक्टरी’ म्हणून हाक मारायचा. मुरली हसायचा.

मग एका रविवारी विकीने वेलचेरीच्या त्याच्या फ्लॅटवर माइक लावले. म्हणाला, मुरलीच्या ड्रम्सचं सॅम्पलिंग करू. म्हणजे प्रत्येक ड्रम, प्रत्येक झांज हळू, मध्यम, जोरात, अशी एकेक वाजवून रेकॉर्ड करायची. मग ते सुटे ठोके लॅपटॉपवर हवे तसे जुळवता येतात. मुरली हरखून गेला. दिवसभर वाजवत होता. विकी म्हणायचा, “अजून जोरात. जीव ओत ना, मच्चा!” मच्चा म्हणजे दोस्ता. आणि तो ओतायचा. संध्याकाळी बोटांना फोड आले होते.

हेडफोन काढत विकी म्हणाला, “झालं. आता तू आला नाहीस तरी चालेल.”

मुरली हसला. “उद्यापास्नं सुट्टी म्हण की!”

“जोक नाही, डा. येऊच नकोस. तू इथे आहेस आता.” त्याने लॅपटॉपवर टिचकी मारली. “हा मुरली शिफ्टला जात नाही.”

मुरली उठला. मग माझ्याकडे बघून “येतों गे” म्हणाला आणि ड्रमच्या काठ्या तिथेच ठेवून गेला.

काही दिवसांनी त्या काठ्या द्यायला मी आवडीला गेले. लख्ख सकाळ. मामी, म्हणजे त्याची आई, कॉफी घेऊन आल्या. मुरली खुर्चीत होता, हात मांडीखाली दाबलेले.

“काय झालं?”

“पाहशील आतां.”

तेवढ्यात त्याचे पाय सुरू झाले. दोन्ही टाचा फरशीवर, एकाआड एक, ड्रमच्या दोन पेडलवर वाजवतात तसा डबल बेस. मग हात मांडीखालून सुटले आणि हवेत, खुर्चीच्या दांड्यांवर, स्वतःच्या गुडघ्यांवर आपटू लागले. चेहरा मात्र बाजूला बसलेल्या माणसासारखा.

“मी वाजवत नाहीं गे. आपोआप होतंय.”

मला वाटलं, ताण आहे. बँडची सवय आहे. मग मी ऐकू लागले. ते आमचंच गाणं होतं, पण मधला तुकडा वेगळा होता. तो तुकडा विकीने आदल्या दिवशी लॅपटॉपवर बदलला होता. तो मला माहीत होता. मुरलीला कोणीच ऐकवला नव्हता.

मी विकीला व्हिडिओ कॉल लावला.

“लॅपटॉप थांबव.”

“का?”

“थांबव ना, प्लीज.”

त्याने थांबवला. मुरलीचे हात मांडीवर पडले. मी फोन त्याच्याकडे वळवला आणि म्हटलं, आता परत लाव. हात उठले. विकीने परत थांबवला, परत लावला. तो डोळे फाडून स्क्रीनकडे बघत होता. मला वाटलं, घाबरला.

“स्पीड वाढवू?” तो म्हणाला.

“नको! विकी, नको—”

त्याने वाढवला. मुरलीचे पाय इतके जोरात आपटत होते की खुर्ची सरकू लागली. मामी फोनसमोर हात जोडून म्हणत होत्या, “तंबी, पोदुम… बास रे बाबा, बास!” तिकडून विकी खिदळत होता.

“मच्चा, हा स्पीड तुला जन्मात जमला नसता! बघ, जमतोय की!”

त्यानंतर मी बँड सोडला नाही, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मी राहिले ते फक्त विकी लॅपटॉप कधी उघडणार हे मुरलीला आधी कळवता यावं म्हणून. मेसेज गेला की तो मशीनपासून लांब जाऊन बाथरूममध्ये बसायचा. हात प्रेसखाली असताना विकीला एखादी नवी कल्पना सुचली, तर काय होईल, हे आम्ही कधी बोललो नाही. डॉक्टरांनी नसा तपासल्या, सगळं नॉर्मल. कारखान्याने त्याला दोनदा समज दिली.

करुंगल मात्र चाललं. बंगळुरूला मोठ्या स्टेजवर वाजवलं. ड्रमरशिवायचा बँड, पण ड्रम्स किती जिवंत, असं लोक म्हणाले. ड्रम्सचं कोणतं सॉफ्टवेअर आहे, असं परदेशातून विचारू लागले.

तेव्हा विकीने मुरलीचे सगळे ठोके इंटरनेटवर फुकट ठेवले. कोणीही घ्या, आपल्या गाण्यात वापरा. खाली फक्त आमच्या बँडचं नाव.

मी त्याच्यासमोर उभी राहून, आयुष्यात पहिल्यांदा, ओरडले. तो शांतपणे म्हणाला, “काढतो हवं तर. पण लोकांनी घेतलेत ते कसे परत आणू? ब्राझीलला जाऊ?”

आता मी मुरलीला काय कळवणार?

त्याची नोकरी गेली. हे कशामुळे होतं, मला माहीत नाही. कुठल्याही डॉक्टरला, पुजाऱ्याला, साउंड इंजिनिअरला सांगता आलेलं नाही. परवा सकाळी मी फोन केला. मामींनी तो त्याच्या कानाशी धरला. मागे खुर्चीच्या दांडीवर बोटांचा आवाज येत होता, अगदी हळू, सावकाश.

“कोण आहे कोणास ठाऊक,” मुरली म्हणाला. “बरा वाजवतो गे हा. घाई नाहीं त्याला. ऐक.”

मी ऐकत राहिले. खरंच छान होतं.

मग हात तसेच चालू असताना पाय सुरू झाले — दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे.