धरणाकाठचं स्थळ

माझ्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात आम्ही दर रविवारी एक स्थळ पाहिलं, आणि त्यातल्या एकाही घरी मला द्यायचं नव्हतं. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. वडील नुकतेच कंपनीतून निवृत्त झाले होते, संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्या मे महिन्यात तव्यासारख्या तापायच्या, आणि हॉटेलात जाऊन राहणं वडिलांना थेरं वाटायची. वधूवरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र बागायतदारांच्या मुलांची रांग होती. शेतकऱ्याला कोण मुलगी देतंय हल्ली! वडील फोन करायचे, "आधी घर बघून घेतो, मग मुलाला बोलावतो," की आमची सहल ठरली. आई हळूच चौकशी करायची, आंब्याची झाडं घरची आहेत का.

मला लाज वाटायची का? नाही. खोटं कशाला सांगू, मजा यायची.

ते स्थळ चाकणच्या पुढचं. ट्रकांची रांग संपते, रस्ता डोंगरात वळतो आणि एकदम खाली धरणाचं पाणी दिसतं. काठावर त्यांची वाइनच्या द्राक्षांची बाग. आई द्राक्षं न्यायला दोन पिशव्या घेऊन आली होती. मे महिन्यात! फळ मार्चपर्यंत उतरतं आणि एप्रिलात वेल पार खरडून छाटतात, हे आम्हाला कोण सांगणार. तारांवर नुसती लालसर टोकांची कोवळी पानं होती. मुलगा चौतिशीचा, उन्हानं रापलेला. पिशव्या पाहून तो हसला नाही. "मावशी, फेब्रुवारीत या, भरून देतो," एवढंच म्हणाला. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून त्याचा रागही आला.

आमच्यासाठी त्यांनी घराला नवा रंग दिला होता. मी दाराला टेकले आणि ओढणीला निळा डाग पडला. मी तोंड वाकडं केलं, सगळ्यांना दिसेल असं, मुद्दाम. त्याची आई धावत घासलेट घेऊन आली आणि माझ्यापुढे गुडघे टेकून डाग घासत बसली. मी तिला पुरे म्हणाले नाही. मग आम्ही आमरस-पुरी खाल्ली. वडिलांनी रस तीनदा मागून घेतला.

जेवणानंतर त्याच्या आईनं मला एकटीला पाण्याकडच्या जांभळीखाली नेलं.

"पोरी, खरं सांग. आमच्याकडं आलेली तू सातवी हायस. येत्यात, जेवत्यात, पाण्याकडं बघत्यात आन् जात्यात. खेडकडची एक पोरगी हाय. पदरात मूल हाय तिच्या, पण पोरगी गुणाची. ती व्हय म्हणतीया. तिच्या भावाला आज सांजंच्या आत निरोप द्यायचा हाय. तुझं न्हाई असंल तर आत्ताच सांग. मला राग न्हाई यायचा."

एका शब्दाचं काम होतं. पण नाही म्हटलं असतं तर वडिलांना लगेच उठावं लागलं असतं, आणि भर दुपारी त्या तापलेल्या गाडीत बसून घरी. शिवाय संध्याकाळी टेकडीवरून पाणी कसं दिसतं ते दाखवतो, असं मुलगा म्हणाला होता. मला ते बघायचं होतं.

मी म्हणाले, "मला पटलंय. त्यांना नाही म्हणून कळवा."

तिचे डोळे भरून आले. तिनं माझ्यासमोरच फोन लावला आणि म्हातारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं बोलली. मी सगळं ऐकलं आणि जांभळं वेचत राहिले.

तशी संध्याकाळ मी पुन्हा पाहिली नाही. पाणी आधी पांढरं होतं, मग हळूहळू तांब्याच्या हंड्यासारखं झालं. काठच्या गाळात बगळे एका पायावर उभे होते. खाली द्राक्षांच्या ओळी सरळ पाण्यापर्यंत उतरत गेल्या होत्या, आणि वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. तो बायकोला दाखवावं तसं मला एकेक दाखवत होता. मी भरपूर फोटो काढले. त्याचा एकही नाही.

आठ दिवसांनी वडिलांनी फोन करून सांगितलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही मागितलीच नव्हती.

मला पिंपरीत फ्लॅट असलेला इंजिनिअर नवरा मिळाला. चार वर्षांनी, अशाच एका मे महिन्यात, त्याला माझं तळं दाखवायची मला हौस आली. हो, धरणाच्या त्या पाण्याला मी माझंच म्हणायचे. पाणी बघू का, असं आम्ही अंगणात जाऊन विचारलं. म्हातारी बाहेर आली. तिनं मला ओळखलं नाही. किती जणींना लक्षात ठेवणार! तिनं ओट्यावर चटई टाकली, गूळ-पाणी दिलं. मुलगा समोरच वेलांचे शेंडे खुडत होता. त्यानं वर पाहिलं, मला ओळखलं आणि पुन्हा खाली वाकला.

"बाई, तुमच्या सोसायटीत कुणाची पोरगी हाय का?" म्हातारी मला म्हणाली. "पहिलं लगीन मोडल्याली चालंल. पदरात मूल असलं तरी चालंल. एक आलती तशी चालून, आमीच नगं म्हनलं."

"का हो?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"दुसरी एक व्हय म्हनली होती."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, तिला काहीतरी सांग म्हणून. मी म्हणाले, "बघते. कळवते." आणि चटईवर जरा सरकून बसले, कारण ओट्याचा खांब मध्ये येत होता आणि पाणी नीट दिसत नव्हतं.