दुसऱ्या खाटेची तजवीज

दिल्लीत सरकार पडलं, नाईतर त्याची मुदत सरली, का आमच्या तिवाट्यावर हाफिजभाईची पाठ धरे. बाहेरगावच्या माणसाले सांगितलं तं तो हासते. पण शहाण्णव, अठ्ठ्याण्णव अन् नव्याण्णव, तिन्ही वेळा आम्ही आपल्या डोळ्यानं पाह्यलं.

तिवाट्यावरून एक रस्ता भामरागडले जाते, एक सिरोंच्याले अन् एक मागं चंद्रपूरले. हाफिजभाई चंद्रपूरचा. तराजू-काटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. महिन्यातून दोन चक्करा आमच्याकडं. दांडी सरळ करायची, पारडे बरोबरीत आणायचे, अन् मंग सोबतचं वीस किलोचं लोखंडी माप दोन्ही हातानं उचलून काट्यावर ठेवून दाखवायचं. ते माप ठेवल्याशिवाय कोण्या दुकानदाराचा भरोसा बसत नाई. म्हणजे त्याचं पोट त्याच्या पाठीवर चाले. अन् ती पाठ एकदा यष्टीच्या मागच्या सीटवर बसून नाल्यात गेलेली. डाक्टरनं सांगितलं होतं, फळ्याच्या खाटेवर निजत जा, जमिनीवर नाई. एक रात्र जमिनीवर काढली का चार दिवस माप उचलणं बंद.

म्हणून अजीमशेठच्या लॉजमधली तीन नंबरची खाट त्याले बायकोपेक्षा जास्त ओळखे. अकरा वर्षांचा मुक्काम होता तिथी. खाट फळ्याची, पंख्याच्या बरोबर खाली. त्याची लुंगी खुंटीवर टांगलेली राहे, सकाळी पहिली गरम पाण्याची बादली त्याची, चहात अद्रक त्याच्याच कपात. एकदा रस्त्याचा इंजिनेर आला तं अजीमशेठ त्याले म्हणाला का तीन नंबर सोडून कोणतीबी घ्या, ती आमच्या हाफिजची हाय. हाफिजभाई ही गोठ चंद्रपूरपासून कोरपन्यापर्यंत सांगत फिरे. लोकाइले पदव्या भेटतात, त्याले खाट भेटली होती.

पण कचेरीचा बाबू कागद घेऊन आला का ही पदवी जाये. निवडणूक लागली म्हणजे बाहेरून जवान येत, त्याइच्यासाठी लॉजच्या साऱ्या खाटा सरकारजमा होत. इंजिनेरापुढं ताठ राहणारा अजीमशेठ त्या कागदापुढं असा वाके का वाटे, पाठ याचीच गेली. शहाण्णवात हाफिजभाई लॉजच्या ओसरीत निजला अन् चार दिवस बैलगाडीतल्या पोत्यासारखा पडून राह्यला. अठ्ठ्याण्णवात पुन्हा तेच. तेव्हा त्यानं मनाशी धरलं का माणसानं एकाच ठिकाणी ईमान ठेवणं चांगलं, पण दुसऱ्या ठिकाणी थोडंसं राखून ठेवणं अजून चांगलं.

मंग त्यानं जागा पाहाले सुरुवात केली. पोरीसाठी स्थळ पाहणारा बाप एवढ्या चौकशा करत नाई. फॉरेस्टचा बंगला पाह्यला. चौकीदार गोड बोले, पण त्याच्या गोडव्याले सायबाच्या चिठ्ठीचं कुलूप. मशिदीत मुसाफिरासाठी जागा होती, पण चटईवर. पुढच्या गावात एक नवं लॉज निघालं होतं. तिथला मालक शहरातून शिकून आलेला. त्यानं गुलाबी कार्ड छापले होते, दहा मुक्काम करा, अकरावा फुकट. दर मुक्कामाले तो कंडक्टरच्या चिमट्यानं कार्डाले भोक पाडे. हाफिजभाईनं नऊ भोकं पाडून घेतली. दहाव्या वेळी गेला तं तिथी खताचं दुकान. आतल्या माणसानं कार्ड उलटंपालटं करून पाह्यलं अन् इचारलं, युरिया देऊ का.

त्या दिवशी परतीच्या यष्टीत त्याच्या डोक्यात उजेड पडला. ते लॉज चाललं असतं तरी निवडणुकीत तेबी सरकारजमाच झालं असतं. चांगली जागा राखून ठेवण्यात अर्थच नाई. जी चांगली, ती सरकारले पहिली दिसते. राखीव जागा अशी पाह्यजे का जिच्याकडं कोनी सायब ढुंकून पाहणार नाई. बाबूच्या कागदावर खाटा, पंखा अन् संडास असे तीन रकाने राहत, हे त्यानं दोनदा ओसरीत पडल्या पडल्या वाचलं होतं. ज्या जागेले संडास नाई, तिच्यावर बाबू सरळ फुली मारे.

तशी जागा तिवाट्यावर एकच. वच्छलाबाईची खानावळ. समोर जेवायचे बाकडे, मागं एक खोली, खोलीत तिच्या मेलेल्या नवऱ्यानं आरागिरणीच्या फळ्या ठोकून केलेल्या दोन खाटा. पंखा नाई. ढेकूण भरपूर. संडासाले नाल्यावर. हाफिजभाई सारं पाहून इतका खूश झाला का वच्छलाबाईले शंका आली.

"काऊन जी भाऊ, इथी काही लपवाचं तं नाई ना?" तिनं इचारलं.

त्यानं सांगितलं का तसं काही नाई, फक्त निवडणुकीत मले इथली खाट पाह्यजे.

"अन् निवडणूक नसन तं?"

हा सवाल खरा होता. खाट राखून ठेवायची म्हणजे तिच्यावर अधूनमधून निजणं आलं. नाईतर ऐन वेळेले कोन ओळखते? म्हणून त्यानं एक चक्कर अजीमशेठकडं अन् एक चक्कर वच्छलाबाईकडं असं लावून घेतलं. निवडणुकीच्या आठ रात्री सुखाच्या जाव्या म्हणून बाकी वर्षभर अर्ध्या रात्री तो ढेकणाइले खाऊ घाले.

तिवाटा काही मुंबई नाई. अजीमशेठले तिसऱ्या दिवशी समजलं. पुढच्या खेपेले हाफिजभाई आला तं तीन नंबरवर बियाणे कंपनीचा माणूस घोरत होता अन् लुंगी चार नंबरच्या खुंटीले गेली होती. चार नंबरची खाट सुतळीची, मधात खोल, तिच्यावर निजलं तं माणूस होडीत पडल्यासारखा. अशानं राखीव होती ती जागा मुख्य झाली, अन् मुख्य होती ती राखीवबी राह्यली नाई.

आता सारा भार वच्छलाबाईवर. तिनंबी ईमान ठेवलं. खाटेइवर राकेल मारून ढेकूण काढले, पहिली भाकर त्याले, भाजीतला रस्सा त्याले. पण पावसाळ्यात नाल्यावर जायची पंचाईत. चिखलात पाय घसरे, उकिडवं बसलं का पाठ आवळे, अन् उठाले झाडाची फांदी धरा लागे. एकदा फांदी तुटली. त्या दिवशी घरी परतल्यावर हाफिजभाईनं जे करायले नोको होतं ते मनावर घेतलं.

माजरीले कोळशाच्या खाणीकडचे काही जुने क्वार्टर पाडले होते. तिथल्या भंगारवाल्याकडून त्यानं एक इंग्रजी भांडं आणलं, खुर्चीवानी बसायचं, पांढरं फेक. यष्टीत ते खिडकीपाशी बसवलं अन् आपण उभ्यानं आला. कंडक्टरनं भांड्याची अर्धी तिकीट फाडली. तिवाट्यावर उतरल्यावर पाहाले अर्धं गाव आलं. वच्छलाबाई आधी नाई म्हणाली, मंग तिनं भांड्याले हात लावून पाह्यला, अन् मंग मागच्या अंगणात चार भिंती घालून दिल्या. ती स्वतः त्याच्यावर कधी बसली नाई. म्हणे, एवढ्या उजळ वस्तूवर बसवत नाई. पण रोज सकाळी राखेनं घासे अन् पाहुण्या बायाइले दार उघडून दाखवे. हाफिजभाई त्याच्यावर बसून बिडी ओढे तेव्हा त्याच्या तोंडावर असं समाधान राहे का जसं जगातल्या साऱ्या निवडणुका त्यानंच जिंकल्या.

नव्याण्णवात दिल्लीत सरकार पडलं. हाफिजभाई रेडिओ ऐकून हासला.

श्रावण सरता सरता बाबू आला, सोबत चैतू कोतवाल. अजीमशेठच्या खाटा नेहमीसारख्या जमा झाल्या. वच्छलाबाईच्या खानावळीपुढून बाबू सवयीनं पुढं निघाला होता. हाफिजभाई आत जेवत होता. तेवढ्यात वच्छलाबाईनंच आवाज दिला का सायब, चाय घेऊन जा, अन् आमची वस्तू पाहून जा.

बाबूनं अंगणातलं दार उघडलं. मंग त्यानं कागद चैतूकडं सरकावला. परराज्यातून एक मोठा सायब येणार होता, त्याच्यासाठी इंग्रजी संडासाची जागा शोधा असा वरून हुकूम होता, अन् बाबू दोन दिवस साऱ्या भागात तेच धुंडत होता.

"चैतू, लिव्ह," बाबू म्हणाला.

हाफिजभाई खरकट्या हातानंच धावला. म्हणाला, झाकण फुटलं हाय. म्हणाला, साप निघते. शेवटी म्हणाला का भांडं माझ्या मालकीचं हाय, मी काढून नेतो. पान्हा आणाले वळला तं वच्छलाबाई दारात आडवी.

"भांडं तुमचं असन भाऊ," ती म्हणाली, "पन बसवलं माह्या जमिनीत. आता थे उपटलं तं माही इज्जत उपटली. सायब बसन त्याच्यावर."

"अन् मी कुठी निजू, बाई?"

"तुम्ही काय, घरचेच हा."

घरच्या माणसाची जागा जमिनीवर राहते, हे हाफिजभाईले त्या दिवशी समजलं. खोलीले कुलूप लागलं, कुलपावर लाखेचं सील बसलं. मोठा सायब आलाच नाई. तो म्हणे हवेतून आला अन् हवेतूनच गेला. पण सील काढाचा हुकूम आला नव्हता. आत दोन फळ्याच्या खाटा रिकाम्या, बाहेर बाकडे वीतभर रुंद, म्हणून त्याइच्या मधात जमिनीवर हाफिजभाई. दुसऱ्या दिवशी त्याले उठता येईना. गिऱ्हाइकं ताट घेऊन त्याच्यावरून ओलांडून जात. दुकानदार आपले काटे तिथीच आणत, अन् तो पडल्या पडल्या दांडी तपासे, पण वीस किलोचं माप भिंतीपाशी तसंच होतं. तेवढं उचलून दाखवलं नाई म्हणून कोनी काटा पास झाला असं मानत नव्हतं. अजीमशेठ पाहाले आला. लॉज जवानाइनं भरलेलं, म्हणून त्याले वेळ होता.

"दोन घरचे जावई झाले तुम्ही," तो बाकड्यावर बसून म्हणाला, "अन् दोन्हीकडं चटई."

सहाव्या दिवशी बाबू अन् चैतू सील काढाले आले. आधी एका कागदावर सही पाह्यजे होती का सदर खोलीचा निवडणूक कामी वापर झाला, शौचालय सुस्थितीत, कोणाची गैरसोय झाली नाई. वच्छलाबाईनं साफ नाई म्हटलं. सहा दिवस ती रोज ते भांडं घासून वाट पाहत होती. तिचा राग सायबावर होता अन् सापडला बाबू.

"कोनी बसलंच नाई तं वापर झाला अशी सही करू कशी?"

सहीबिगर सील निघत नाई, असं बाबू म्हणाला. खाली पडलेल्या हाफिजभाईनं हात वर केला.

"मी करतो. आधी सील तोडा."

"आधी सही."

वच्छलाबाईनं त्याच्याकडं असं पाह्यलं का जसं तिच्या ताटात जेवून तो कचेरीले मिळाला. त्यानं नजर छताले लावली. त्याले बसता येत नव्हतं, म्हणून चैतूनं पाटीवर कागद लावून त्याच्या तोंडावर उलटा धरला. गैरसोय झाली नाई, या ओळीखाली हाफिजभाईनं आडव्यानं सही केली. सही करताना कळ आली तशी शेवटची रेघ लांब गेली.

बाबूनं कागद पाह्यला. सहीखाली हुद्द्याची जागा रिकामी होती. काय लिव्हू, त्यानं इचारलं.

"लिव्हा, नेहमीचं गिऱ्हाईक," हाफिजभाई म्हणाला. "अन् आता मले उचला."