अण्णांची न मोजलेली सिक्स

माझ्या वडिलांच्या पिंडाला दीड तास कावळा शिवला नाही, याला कारण माझी बॉलिंग.

मी संगमनेरच्या टेनिस बॉल लीगचा ओपनिंग बॉलर. (कॉमेंट्रीवाला माझं आडनाव बरोबर उच्चारतो, एवढा मोठा!) रविवारी हौसेनं खेळायला येणारे आम्हा लीगवाल्यांच्या लेखी कच्चे लिंबू. त्यांना बॉल टाकला की खांदा बाटतो!

त्यातलेच एक माझे वडील. अण्णा दूध संघातून रिटायर झाले आणि दर रविवारी पायजमा वर खोचून मैदानात हजर!

"एक ओव्हर टाक की रे मला."

"अण्णा, लीग तोंडावर आलीय!"

एकदा वैतागून एकच बॉल टाकला. अण्णांनी डोळे मिटून बॅट फिरवली. बॉल लाँग ऑनच्या भिंतीपलीकडे, थेट उसात!

"सिक्स!" अण्णा नाचायला लागले.

"मोजायची नाही," मी म्हणालो. "मुद्दाम हळू टाकला होता."

पुढे चार वर्षं अण्णा येईल त्या पाहुण्याला ती सिक्स सांगायचे, आणि मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "मोजली नव्हती!" शेवटच्या दुखण्यात त्यांनी माझा हात धरून विचारलं, "खरंच हळू टाकला होतास का रे?"

"झोपा आता," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात अण्णा गेले.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड मांडला. कावळा समोरच्या झाडावर, पण खाली येईना.

"अण्णा, आईंना आम्ही सांभाळू!" दाजी म्हणाले. कावळा ढिम्म.

"नातवाला इंजिनिअर करू!" मामा म्हणाले. (नातू दचकला.) कावळ्यानं पाठ फिरवली!

गुरुजी घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात आत्या माझ्यावर खेकसली, "आरं, दादाचा जीव त्या शिक्सरात आडकलाय! बोल की!"

मी हात जोडले. "अण्णा, सिक्स होती."

कावळा खाली उतरला. तीन उड्या मारून थांबला.

"समदं सांग!" आत्या मागून ओरडली.

"हळू नव्हता टाकला, अण्णा!" मी ओरडलो. "जीव खाऊन टाकला होता! माझ्या आयुष्यातला सगळ्यात फास्ट बॉल होता तो!"

कावळा शिवला.

डोळे पुसून मागं वळलो, तर आमची अख्खी टीम डोक्याला रुमाल बांधून उभी. कॅप्टनसकट!

तेव्हापासून मला बॉलिंग मिळत नाही. लाँग ऑनला भिंतीपाशी उभा असतो. अण्णांचा बॉल जिथून गेला, तिथंच. तिथं अजून एकही कॅच माझ्या हाती टिकलेला नाही.